अडीचचा भाव

मी टोरंटोत मोटार विम्याचे दर ठरवण्याचं काम करतो. कुठल्या वयाच्या माणसाला, कुठल्या भागात, कुठल्या गाडीसाठी किती हप्ता लावायचा, याची गणितं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना वाटेल की या गृहस्थांना टक्केवारी कळत नसावी. कळते. पगार त्याचाच मिळतो.

ऑगस्ट २०२१ पर्यंत कॅनडात एकाच सामन्यावर कायदेशीर पैज लावता येत नसे, दोन-तीन निकाल एकत्र बांधावे लागत. ते बंधन गेलं आणि ४ एप्रिल २०२२ पासून ऑन्टारियोत खासगी कंपन्यांनाही ऑनलाइन बेटिंगची दारं उघडली. आमच्या सांगलीच्या घरात मटक्याचं नाव काढायची सोय नव्हती. पण फोनवर दशांश चिन्हासकट मांडलेले ते नीटनेटके आकडे बघून मला हा जुगार आहे असं वाटलंच नाही. अभ्यास वाटला.

एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमध्ये बत्तीस संघ आहेत, सोळा ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आणि सोळा वेस्टर्नमध्ये. तेव्हा प्रत्येकाचे ब्याऐंशी साखळी सामने, मग दोन्हीकडचे आठ-आठ संघ प्ले-ऑफमध्ये. सातपैकी चार सामने जिंकायचे, अशा तीन फेऱ्या पार केल्या की कॉन्फरन्स तुमची, आणि मग दोन कॉन्फरन्स-विजेते स्टॅनली कपसाठी भिडतात. कॉन्फरन्स कोण जिंकेल यावर मोसमाच्या आधीपासून पैसे लावता येतात. मला हाच प्रकार आवडला. रोज रात्री जीव टांगणीला नको, एकदा लावा आणि विसरा. विसरलो एकदाही नाही, ही गोष्ट वेगळी.

२०२२-२३ चा बोस्टन ब्रुइन्स संघ ज्यांनी पाहिला त्यांना माझा आत्मविश्वास समजेल. पासष्ट विजय आणि १३५ गुण, दोन्ही लीगच्या इतिहासातले उच्चांक. गोलरक्षक लिनस उलमार्क इतका भरात की पुढे त्या वर्षीची व्हेझिना ट्रॉफी त्यालाच मिळाली. समोर पहिल्या फेरीत फ्लोरिडा पँथर्स, ९२ गुणांवर कसेबसे आत शिरलेले. बोस्टन ईस्ट जिंकेल याला एका डॉलरला सुमारे अडीच डॉलर असा भाव मिळत होता. मी चांगली रक्कम लावली, आणि तेवढ्यावर न थांबता आमच्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक विवेचन टाकलं. आलेख होते. शेवटी ‘डोळे झाकून लावा’ असंही लिहिलं होतं.

अडीचच्या भावाचा अर्थ असा की बोस्टनची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त असेल तरच त्या भावाने पैसे लावण्यात अर्थ आहे. आता प्रत्येक फेरी जिंकण्याची शक्यता सत्तर टक्के धरा. हॉकीत हे फार उदार मनाने धरल्यासारखं आहे. तीन फेऱ्यांचा गुणाकार येतो चौतीस टक्के. म्हणजे बोस्टन मला वाटत होता तेवढा जबरदस्त असूनही भाव वाईटच होता. हा गुणाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होतो. मी तो केला नाही. सगळ्यात चांगला संघ कोणता याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि तोच प्रश्न विचारलाय अशा थाटात मी वावरत होतो. ईस्टच्या आठही संघांच्या भावांचे उलटे टक्के काढून बेरीज केली असती तर ती शंभराच्या बरीच वर गेली असती. तो वरचा भाग कंपनीचा. विम्याच्या हप्त्यात आम्ही हेच करतो, आणि गिऱ्हाईक बेरीज करत नाही हे आम्हाला माहीत असतं.

गुणतक्त्यावरही मी नको तितका विसंबलो. साखळीत बरोबरी झाली की पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात, तरी कोंडी फुटली नाही तर शूटआउट, आणि हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो. प्ले-ऑफमध्ये यातलं काही नाही. पाच विरुद्ध पाच, पहिला गोल होईपर्यंत. त्यात समोर एखादा गोलरक्षक पेटला की तक्ता गुंडाळून ठेवायचा. २०१९ मध्ये बासष्ट विजय मिळवलेल्या टँपा बेला पहिल्याच फेरीत कोलंबसने चार-शून्य धुतलं, तेव्हा कोलंबसच्या जाळ्यापुढे सर्गेई बोब्रोव्स्की होता. हे मला पाठ होतं. २०२३ मध्ये तो फ्लोरिडाकडे होता, हेही पाठ होतं. तो सुरुवातीला राखीव बसलाय म्हणून मी त्याला हिशेबातच घेतलं नाही.

बोस्टन तीन-एकने पुढे असताना ॲप मला फायदा घेऊन बाहेर पडायची रक्कम दाखवत होतं. मी हसलो. मग बोब्रोव्स्की जाळ्यापुढे असताना फ्लोरिडाने तीन सामने ओळीने जिंकले. सातव्यात बोस्टन पुढे, जेमतेम मिनिट उरलेलं, तेवढ्यात फ्लोरिडाच्या माँटूरने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये व्हरहेगीने खेळ संपवला. फ्लोरिडा पुढे ईस्टही जिंकली.

यावरून मी जे शिकलो ते आणखी चुकीचं होतं. २०२४ मध्ये ठरवलं, अंडी एकाच टोपलीत नकोत, आणि गुणतक्त्यात पहिला आलेला रेंजर्स तर नकोच. कॅरोलायना, टोरंटो, बोस्टन, टँपा, चौघांवर थोडे-थोडे लावले. चार वाईट भाव घेतल्याने एक चांगला भाव तयार होत नाही, हे तेव्हाही लक्षात आलं नाही. फ्लोरिडा मुद्दाम वगळली, कारण ती मागच्या वर्षी नशिबाने गेली होती असं माझं ठाम मत. तिने टँपाला घरी पाठवलं, मग बोस्टनला. टोरंटोला बोस्टननेच काढलं होतं, कॅरोलायनाला रेंजर्सनी. ईस्ट फ्लोरिडाने जिंकली.

२०२५ चं फार सांगत नाही. टोरंटो फ्लोरिडाविरुद्ध दोन-शून्यने पुढे होती, गावात झेंडे लागले होते, १९६७ नंतरचा पहिला कप आता येतोय असं गाडी धुणारासुद्धा म्हणत होता. मी गाडी धुणाऱ्याचं ऐकलं. सातवा सामना आपल्याच घरी एक विरुद्ध सहा.

पैसे माझे होते. बायकोला खरी रक्कम सांगायला वेळ लागला आणि ती जे बोलली ते रास्त होतं. पण ग्रुपवर नाशिकचा एक मुलगा होता, इथे मास्टर्स करणारा, तळघरातल्या खोलीत भाड्याने राहणारा. २०२३ मध्ये माझं विवेचन वाचून त्याने महिन्याचं भाडं बोस्टनवर लावलं होतं. हे मला त्याच्याकडून नव्हे, त्याच्या खोलीसोबत्याकडून कळलं, तेही गणपतीच्या जेवणात. मी भरपाई देऊ केली. त्याने घेतली नाही, म्हणाला, काका, लावायचा निर्णय माझा होता. पुढच्या दोन्ही वर्षी त्याने ग्रुपवर ईस्टसाठी फ्लोरिडाचं नाव टाकलं आणि दोन्ही वेळा ते खरं ठरलं. आता ग्रुपवर त्याला विचारतात. तो आलेखही टाकतो.