वेगळी लोंबी

कापणीला आलेला धान वाऱ्यावर हलतो तेव्हा सगळी बांधी एकाच अंगाने झुकते. त्या एकसारखेपणात काही निराळं कुणाच्या नजरेला पडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. झाडीपट्टीत, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावी दादाजी खोब्रागडे यांच्या नजरेला ते पडलं. साल १९८३. शेतात 'पटेल ३' हा वाण उभा होता आणि त्यात मोजक्याच लोंब्या पिवळसर, बारीक दाण्याच्या होत्या.

एरवी अशी रोपं भेसळ म्हणून उपटून टाकतात. दादाजींनी त्या लोंब्या खुडल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्यात वेगळ्या पेरल्या.

नवनिर्मिती म्हटलं की लोकांना प्रयोगशाळा आठवते. मला तिचा उगम या खुडण्यात दिसतो. धानाचं फूल सकाळी तासा-दोन तासांपुरतं उमलतं आणि बहुधा आपल्याच परागाने फळतं. त्यामुळे एका लोंबीचा वेगळेपणा पुढच्या पिढ्यांत टिकू शकतो. पण टिकवणारा हात लागतो. निसर्ग असे फरक उधळतच असतो, आणि त्यातले बहुतेक विळ्याखाली जातात. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंतचं, जमीन दीड एकराच्या आसपास. ज्या तुकड्यावर घराचं पोट, त्यातलाच एक कोपरा अजून काहीच सिद्ध न केलेल्या बियाण्याला द्यायचा, रानडुकरांपासून राखायचा, आणि हे हंगामामागून हंगाम करायचं! या चिकाटीपुढे मला हुशारी दुय्यम वाटते.

तांदूळ बारीक निघाला, चवीला उतरला, भावही चांगला मिळाला. एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं: एचएमटी. हे बी हातोहात गावोगाव गेलं, राज्याबाहेरही गेलं. दादाजी मात्र थांबले नाहीत. त्यांनी आणखी वाण निवडून काढले. त्यातल्या एकाला, डीआरकेला, तेवढी त्यांच्या नावाची आद्याक्षरं मिळाली. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांची दखल घेतली. तरीही पैशाची चणचण शेवटच्या आजारपणापर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

ज्याच्या नजरेने इतक्या घरांतला भात बदलला, त्याच्या वाट्याला मानपत्रं आली आणि मोबदला आला नाही. हा अन्याय आहे. निदान एवढं करा: एचएमटीचा भात ताटात वाढताना मुलांना दादाजी खोब्रागडे हे नाव सांगा.