नांदुऱ्याचे अंगण आणि आईच्या नोंदी

मुंबई-हावडा लोहमार्गावर मलकापूर मागे पडले की काही वेळाने नांदुरा येते. बाहेरच्यांना हे गाव महामार्गालगतच्या १०५ फुटी हनुमान मूर्तीमुळे ठाऊक असते. आमच्यासारख्या व्यापारी घराण्यांना ते कापसामुळे ठाऊक झाले. जवळच्या जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तोही कापसासाठीच. याच व्यापाराच्या आधाराने आजोबांनी नांदुऱ्यात घर बांधले. पुढे दुकान, मागे अंगण.

माझी छत्तीस वर्षे बँकेच्या बदल्यांत गेली. वडिलांच्या पश्चात आई त्या घरात एकटीच राहिली. मागील वर्षी तिचे निधन झाले. घर ठेवावे की विकावे हे ठरविण्यासाठी आम्ही भावंडे तिच्या प्रथम स्मृतिदिनी नांदुऱ्यास जमलो. त्या सायंकाळी पुतणीने स्वतः तयार केलेला वीस मिनिटांचा माहितीपट बैठकीच्या भिंतीवर दाखविला.

त्यात आईची छायाचित्रे थोडीच होती. बहुतांश होती ती स्वयंपाकघरातील जुन्या दिनदर्शिकांची पाने. दुधाच्या हिशेबाखाली, त्याच चौकोनांत, आईने पेन्सिलीने लिहिले होते : ‘नातू पाऊल टाकू लागला.’ ‘लिंबावर अळ्या. पाने तोडू नयेत.’ ‘धाकटीचा निकाल, प्रथम वर्ग.’ ‘जास्वंदीवर इवल्या पक्ष्याचे घरटे. दोरी दुसरीकडे बांधली.’

तो पक्षी म्हणजे शिंजीर. गवत, कचरा व कोळ्याचे जाळे यांतून मादी लोंबते घरटे विणते आणि दारावर छोटीशी पडवीही काढते. अंडी उबविण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस आईने कपडे वाळविण्याची जागा बदलली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भ्रमंती करून आमच्या जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वृत्तपत्रे त्या बातमीने भरली होती. आईच्या त्या महिन्याच्या पानावर मात्र एवढेच होते : ‘शेपूट हलवणारा पाहुणा अजून आहे.’ हा थिरथिरा. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागताच परततो. प्रत्येक वर्षी ऑक्टोबरच्या पानावर त्याच्या आगमनाची नोंद होती.

माझ्याही नोंदी होत्या : ‘आला’, ‘गेला’. नोकरीतील सवयीने मी त्या मोजू लागलो. शाखा व्यवस्थापक झालो त्या वर्षी ‘आला’ हा शब्द दोनदाच होता. दिवाळीत आणि एका लग्नात. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तिने लिहिले होते : ‘आज तो मोकळा झाला. माळ्यावरची खाट उतरवून घेतली.’ त्या आठवड्यात मी पुण्याच्या नव्या सदनिकेत सामान लावत होतो. खाटेविषयी ती मला कधीच बोलली नाही.

माहितीपट संपल्यावर कोणी काही बोलले नाही. थोरल्या वहिनींनी उठून दिवा लावला. घराच्या किमतीचा विषय त्या रात्री निघाला नाही. पुढेही निघाला नाही. दुकानाचा भाग भाड्याने दिला आणि मागील दोन खोल्या आम्ही ठेवल्या. यंदा ऑक्टोबरपासून मी तेथेच आहे. खाट मजबूत आहे. केवळ नवार बदलावी लागली.

वाचकांना एवढीच विनंती की, घरातील जुन्या दिनदर्शिका रद्दीत देण्यापूर्वी एकदा पाने उलटून पाहावीत. आणि ज्यांची आई आज हयात आहे, त्यांनी पाने उलटीत बसण्याऐवजी गाडीचे तिकीट काढावे.

आईच्या खिळ्यावर मी नवी दिनदर्शिका टांगली आहे. तिच्यावरील माझी पहिली नोंद : ‘पाहुणा आला.’