कस्तुराचा चातुर्मास

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या व्यापाऱ्याचा कान कारखान्याच्या भोंग्याला आणि मालमोटारीच्या हॉर्नला सरावलेला असतो. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्याच पश्चिम टोकाला, भोरगिरीच्या वर भीमाशंकरच्या रानात, पावसाळ्यात उजाडण्यापूर्वी कोणीतरी शीळ घालत असते. प्रथम ऐकणारा वळून पाहतो. गुरांमागे एखादे पोर चालले असावे असेच वाटते. चाल ओळखीची वाटते न वाटते तोच भलतीकडे वळते. इंग्रजांनी या पक्ष्याला ‘आळशी शाळकरी पोर’ म्हटले, तो अन्यायच होय. पावसाळ्यात त्याच्याइतका कामात बुडालेला संसारी विरळा.

हा शीळकरी कस्तूर. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर, अंग निळसर काळे. कपाळावरची आणि खांद्यावरची निळाई उजेड पडला तरच चमकते. पाऊस लागला की ओढ्याकाठच्या, पुष्कळदा धबधब्यालगतच्या कपारीत तो शेवाळ, मुळ्या आणि चिखलाचे घरटे बांधतो. त्यात दोन ते चार अंडी. पिलांना नर-मादी दोघेही भरवतात.

याच महिन्यांत साधू-साध्वी एका गावी स्थिर होतात. पावसाने भूमी जीवांनी भरून जाते. पावलाखाली हिंसा घडू नये म्हणून विहार थांबतो. स्थानकात हे प्रवचन भक्तिभावाने ऐकणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या रविवारी मात्र धबधब्याच्या वाटेला लागतात. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, पण कोणत्या कपारीत कोणाचा संसार आहे हे फलकावर लिहिलेले नसते. वर्दळ आणि गाणी चालू असेतो जोडी घरट्याकडे फिरकायला धजत नाही. तोवर अंडी गार पडतात. मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला बोलावणे तर त्याहून वाईट. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पिलांचा चारा टाकून धावतो. हौस आपली, उपवास पिलांना.

दिशापरिमाण व्रतात श्रावक ठरावीक दिशेला ठरावीक अंतरापलीकडे न जाण्याची मर्यादा घालून घेतो. व्यापारी माणसाला ते जड जाते. गिऱ्हाईक कोणत्या दिशेचे निघेल ते काय सांगावे! ओढ्याच्या पात्राची एक दिशा चार महिने वगळण्यात मात्र धंद्याचा एक पैसाही बुडत नाही. शीळ ऐकायचीच असेल त्याने पहाटे रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून स्वस्थ उभे राहावे. पाण्याच्या आवाजातूनही ती रस्त्यापर्यंत पोहोचते.