अंक आणि भाव

देवापुढे उच्चार चुकला तरी भाव पोहोचतो, अशी आपली श्रद्धा आहे. यंत्राचे तसे नाही. त्याला कळतात ते केवळ अंक, आणि तेही ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. आमच्या देवस्थानाच्या कचेरीतील टेलिफोन-यंत्राचा परिचय झाल्यापासून ही गोष्ट आमच्या मनावर चांगलीच ठसली आहे.

हे यंत्र म्हणजे एक घरगुती एक्स्चेंजच. कचेरी, कोठी आणि अग्रशाळेच्या खोल्या त्याने एकमेकींस जोडल्या आहेत. दाबलेला आकडा संपेपर्यंत ते स्वस्थ बसत नाही. एकेक अंक येताच ते आपल्या पोटातील कोष्टक पाहते. पहिला अंक ० असला, तर बाहेरची लाइन. २ असला, तर घरातील कोणी, आणि मग आणखी दोन अंकांची वाट पाहावयाची. कोष्टकात २१ आणि २१५ असे दोन्ही आकडे असतील, तर २१ नंतर ते काही क्षण थांबते, आणि पुढे अंक येत नाही असे पाहूनच घंटा वाजविते. म्हणून जाणते लोक एक आकडा दुसऱ्याचा आरंभ होऊ देत नाहीत.

ही रीत जुनी आहे. प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्राउजर या अमेरिकन गृहस्थास १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले. त्या धर्तीच्या पुढील एक्स्चेंजांत जितका अंक, तितक्या पायऱ्या एक भुजा चढे आणि पुढल्या अंकाचे काम दुसरीवर सोपवी. महाद्वार, सभामंडप, चौक ओलांडीत गर्भकुडीपर्यंत जावे, तसाच हा प्रवास. आता तबकडी गेली; ५ चे बटण दाबताच ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकदम निघतात. क्रमाची शिस्त मात्र तीच.

अग्रशाळेतील खोल्यांना प्रथम १०१ पासून आकडे देण्याचे घाटत होते. जपमाळेची १०८ ही संख्या एका खोलीस लाभणार म्हणून वडीलधारी मंडळी संतुष्टही होती. परंतु गोव्यात १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा, १०१ अग्निशामक दलाचा, आणि ११२ तर देशभर सर्वच संकटांचा. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या यात्रेकरूने १०८ दाबले असते, तर यंत्राने इमानाने १०८ क्रमांकाच्या खोलीतील कुटुंबास उठविले असते!

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील एका मोटेलमध्ये २०१३ साली एका मातेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तेथील संकटकालीन ९११ हा आकडा पुनःपुन्हा फिरविला. परंतु बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागे, हे त्या बालिकेस कोठून ठाऊक असणार? माता वाचली नाही. पुढे २०१८ साली तेथे कायदा झाला, आणि २०२० पासून बसविल्या जाणाऱ्या अशा यंत्रांवरून ९११ थेट लागलेच पाहिजे असे ठरले.

आमच्या येथे खोल्यांचे आकडे आता २०१ पासून आहेत, आणि संकटकालीन आकडे आधी ० दाबला वा न दाबला तरी बाहेर जातात. घाबरलेला मनुष्य लहानपणी शिकलेलाच आकडा दाबतो. त्याचा भाव यंत्रास कळत नाही. तो कोष्टक लिहिणाऱ्याने आधीच ओळखून ठेवावयास हवा. ज्या ज्या अग्रशाळेत असे यंत्र असेल, तेथील व्यवस्थापकांनी आपले कोष्टक एकदा तपासून पाहावे, एवढीच आमची विनंती.