उमेदीची विचारपूस

आपल्या मोहल्ल्यात आजाऱ्याला भेटायला जाणे सवाबाचे काम मानतात. त्यामुळे माणूस अंथरुणाला खिळला की घरात रीघ लागते. येणारा मोसंबी नाहीतर बिस्किटांचा पुडा आणतो, 'सब ठीक हो जाएगा' म्हणतो, चहा पितो आणि उठतो. यात माया असते, खोटेपणा नसतो. पण मधुमेहासारखा जन्माचा आजार असला की हे शब्द सहा महिन्यांत झिजतात. मग आजारी माणूसच 'अल्लाह की मर्जी' म्हणू लागतो. ऐकणाऱ्याला वाटते, केवढी सबुरी! मला मात्र पुष्कळदा त्यात ईमानापेक्षा थकवा जास्त ऐकू येतो.

सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी काही वर्षे मधुमेहाच्या रुग्णांशी बोलण्याचे काम करते. मोठ्या शहरांत याला 'हेल्थ कोचिंग' म्हणतात आणि ते मोबाईलवर पैसे भरून मिळते. आमच्याकडे ते चटईवर बसून होते. सल्ला देणे हे काही माझे काम नाही. भाकरी किती, चहात साखर किती, हे डॉक्टरांनी सांगितलेले असते आणि रुग्णाला पाठ असते. माझे काम प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. दुसरे पहिल्यापेक्षा अवघड.

एक खाला येतात. वय साठीचे, तीस वर्षे विड्या वळलेल्या. सूप मांडीवर घेऊन दिवसभर बैठक. पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पाय बधिर झाले, तेव्हा त्यांना वाटले, बसून बसून झाले असेल. वाढलेली साखर पायांच्या नसा हळूहळू मारते, मग खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी दुखत नाही. उजव्या पायाचे एक बोट असेच गेले. पुढे डाव्या टाचेला जखम झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "अब यो पाँव भी जाता. क्या करना बेटी, नसीब."

मी विचारले, "खाला, एक साल बाद का सोचो. पाँव साथ दे रहा है. कहाँ जाना?"

खाला बराच वेळ चटईची काडी उपसत राहिल्या. साखर कमी व्हावी, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. असे सहसा कुणीच म्हणत नाही. म्हणाल्या, "गुलबर्गा. बंदानवाज के उरूस को." (कागदोपत्री आता कलबुर्गी, पण आपल्या तोंडी गुलबर्गाच.) दोन वर्षे जाणे झाले नव्हते.

मग दुसरा प्रश्न. सगळे संपले, असे याआधी कधी वाटले होते? तेव्हा काय केले? मालक वारले तेव्हा, त्या म्हणाल्या. तीन मुले, डोक्यावर कर्ज. रोजच्या मजुरीतले थोडे पैसे आधी डब्यात टाकायचे, मगच बाजार करायचा. पाच वर्षांत कर्ज फिटले. हे सांगताना त्यांची पाठ ताठ झाली. नसीब हा शब्द त्या सबंध हकिकतीत एकदाही आला नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात सी. आर. स्नायडर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. उमेद म्हणजे नुसती भावना नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कुठे जायचे ते ठाऊक असणे, तिथे जायच्या वाटा सुचणे आणि आपण चालू शकू असे वाटणे, हे सगळे मिळून उमेद. १९९१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी बारा विधानांची मोजपट्टीही प्रसिद्ध केली. त्यातली चार विधाने नुसती भरतीची, गुण न मोजण्याची. चटईवर मला त्या मोजपट्टीची गरज पडली नाही, पण वाटांची गोष्ट पटली. आपण धीर देतो तेव्हा माणसाला 'चाल' एवढेच म्हणतो. वाट कुठली, हे विचारत नाही.

खालांच्या वाटेत एक मोठी अडचण होती. दर्ग्यात अनवाणी जायचे, आणि बधिर पायांना तापलेली फरशी धोक्याची, कारण भाजले तरी समजत नाही. मी म्हटले, मग कसे करायचे? उत्तर खालांनीच काढले. फजरनंतर लगेच जायचे, फरशी गार असते. पायांत धुतलेले जाड मोजे, फक्त आत घालण्यासाठी ठेवलेले. आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून जोडली. कारखान्यात विड्या तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. "वैसी च रोज रात को पाँव की छाट." स्वतःचा तळवा दिसत नाही म्हणून खाली आरसा ठेवायचा, नातीने टॉर्च धरायची.

गेलेले बोट परत येणार नाही आणि मेलेल्या नसा बहुधा जाग्या होत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. उमेद द्यायची म्हणून असले काही लपवणे मला पटत नाही. टाच भरायला चार महिने लागले, तेही टाचेवर भार न देता आणि नेमाने ड्रेसिंग करून. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी अकरावरून साडेआठवर आली. डॉक्टर म्हणाले, अजून खाली हवी.

प्रश्नांनी सगळे होते, असे मात्र नाही. चाळिशीतला एक यंत्रमाग कामगार माझा पहिलाच प्रश्न ऐकून म्हणाला, "बाजी, सवाल नक्को, इन्सुलिन देव." त्याचे खरे होते. औषध परवडत नाही अशा माणसाला 'तुझी इच्छाशक्ती कमी पडते' म्हणणे हा जुलूम आहे, आणि उमेदीचे वर्ग चालवणारे पुष्कळजण तो हसतमुखाने करतात. आधी सरकारी रुग्णालयातून त्याच्या इन्सुलिनची सोय केली. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून चटईवर येऊन बसला. अजून फारसा बोलत नाही.

उरूस जिलकादमध्ये असतो. खालांनी मोज्यांचे दोन जोड आणून ठेवलेत, एक वाळत असेल तेव्हा दुसरा. नात बरोबर जाणार आहे. आरसा आणि टॉर्च तिच्या पिशवीत.