संबळ बोलावतो, यायचं आपण

बेंबळीत आमच्या घरी लग्न लागलं की हळद उतरायच्या आत गोंधळ घालायचा, ही रीत आहे. तुळजापूर जवळ, कुलस्वामिनी भवानी. तिला बोलावून, रात्रभर जागवून, नवरानवरीला तिच्या पायावर घातल्याशिवाय कार्य पुरं झालं असं आमच्यात कुणी मानत नाही. गोंधळीही ठरलेले. पणजोबांच्या वेळेपासून त्याच घरातली माणसं येतात. आताच्या नायकांना सगळं गाव नाना म्हणतं.

चुलतभावाच्या लग्नाच्या गोंधळाला नानांचा एक साथीदार तापाने फणफणला आणि येऊ शकला नाही. लहानपणी आत्याच्या आराधी मेळ्यात मी तुणतुणं धरायचो, हे नानांच्या लक्षात होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुणतुणं तू धर. मी इचारलं की उत्तर द्यायचं. न्हाई सुचलं तर जी जी म्हणायचं. पर गप बसायचं न्हाई. साथीदार गप बसला की समदा गोंधळ बसतो."

तोवर मी गोंधळ समोर बसून ऐकलेला. त्या रात्री आतून पाहिला.

पाटावर नवा खण, त्यावर तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, नारळ आणि वर शेंडे एकत्र बांधलेले पाच ऊस. दिवटी पेटली. नानांनी झगा चढवला, गळ्यात कवड्यांची माळ घातली. त्यांच्या पुतण्याने संबळ कमरेला बांधला. दोन तोंडांचं हे वाद्य दोन काड्यांनी वाजतं. एक काडी टोकाला वळलेली. एका बाजूने खर्ज घुमतो, दुसऱ्या बाजूने कडक, टणक बोल निघतात. तुणतुण्याला एकच तार. ते काय वाजवणार, असं वाटतं. पण सगळ्यांचा सूर त्या एका तारेवर टांगलेला असतो. गोंधळी सांगतात की परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिराच्या कवटीला त्याच्याच शिरा ताणून बांधल्या आणि ते वाद्य छेडत आई रेणुकेला वंदन केलं. तेच पहिलं तुणतुणं, असं ते मानतात. हातात तुणतुणं घेतल्यावर ही कथा निराळी वाटते. आपण कुठल्या सुराला बोट लावतो आहोत, याचा एक धाक बसतो.

आधी गण झाला. मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेका देवाला नाव घेऊन चौकात बोलावलं. मराठवाड्यात ही हाक फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त गोंडली नावाच्या नृत्याचं वर्णन येतं आणि अभ्यासक त्याचं नातं गोंधळाशी जोडतात. ते कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या जिल्ह्यापासून फार लांब नाही.

मध्यरात्रीनंतर नानांनी जांभूळ आख्यान लावलं. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं की हा सहावा असता तर. कृष्ण ते ओळखतो आणि सगळ्यांना वनात घेऊन जातो. तिथे भीम एका झाडाचं एकुलतं एक जांभूळ तोडतो. ते एका ऋषीचं अन्न असतं. शाप टाळायचा तर जांभूळ पुन्हा देठाला लागलं पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येकाने मनातलं खरं बोललं पाहिजे. नाना कृष्ण झाले, धर्मराज झाले, उपरण्याचा पदर डोक्यावर ओढून द्रौपदी झाले. भीम माझ्या वाट्याला आला. "भीमा, कुणाला इचारून तोडलंस रं?" या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, भूक लागली होती. लोक हसले, आणि त्या हसण्याबरोबर मी खरोखर भीम झालो.

मग एकेक पांडव खरं बोलू लागला. प्रत्येक सत्यानंतर पुतण्या कडक अंगाच्या संबळावर बारीक, दाट बोल काढायचा आणि नाना बोट हळूहळू वर न्यायचे. जांभूळ हातभर वर चढलं. मी मांडवात नजर टाकली. म्हातारी माणसं, पेंगुळलेली पोरं, पुण्याहून आलेले पाहुणे, सगळ्यांच्या माना वर. मांडवाच्या कापडाखाली काहीही नव्हतं. तरी सगळे जांभूळ बघत होते, आणि मीही बघत होतो. संबळाच्या प्रत्येक बोलाला ते दिसेल इतकं वर सरकत होतं.

शेवटी द्रौपदीची पाळी. नाना पदर धरून गप्प उभे राहिले. संबळही थांबला. फक्त माझं तुणतुणं सुरू. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "सांग बाई, सांग." दुसरी म्हणाली, "बोल गं, रडलालीस कशाला?" द्रौपदी बोलली. संबळ एकदम पूर्ण ताकदीने उठला, आणि त्याच क्षणी माझ्या चुलतीच्या अंगात वारं आलं.

चुलती म्हणजे नवऱ्या मुलाची आई. काका काही वर्षांपूर्वी गेले. लग्नाच्या सगळ्या धावपळीत ती भांडाराच्या खोलीत होती. हळदीला पुढे आली नाही, सुवासिनींच्या रांगेत बसली नाही, मुलाला ओवाळायला दुसऱ्या काकू उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कुणी काही बोललं नव्हतं. आता तिचे केस सुटले होते, ती चौकापुढे घुमत होती आणि मोठ्याने विचारत होती, "माझी वटी कुणी भरली न्हाई?"

बायका धावल्या. तिच्या कपाळाला मळवट भरला, ओटी भरली, नव्या सुनेला तिच्या पायावर घातलं. पोटच्या मुलाने तिच्यापुढे डोकं टेकलं. सकाळपासून जिला रीतीने आत ठेवलं होतं, तिच्या कपाळावर कुंकू लावायला गावातल्या सगळ्या सुवासिनी पुढे सरसावल्या होत्या. देवीला ओटी नाकारायची कुणाची हिंमत?

नानांचं कसब मला त्या वेळी जवळून दिसलं. त्यांचे डोळे चुलतीच्या पावलांवर होते. त्यांनी पुतण्याला डोळ्यानेच खूण केली. संबळ तिच्या घुमण्याबरोबर चालू लागला आणि मग लय हळूहळू खाली येत गेली. त्या लयीला धरून चुलतीही उतरत गेली, बसली, तिने पाणी मागितलं. नानांनी तिला तीर्थ दिलं आणि आख्यान जिथे थांबलं होतं तिथून उचललं. जांभूळ देठाला लागलं. पहाटे दिवट्या घेऊन आरती झाली.

चहा पिताना मी नानांना विचारलं, संबळानं देवी आणली का? ते म्हणाले, "माझा पुतण्या रोज घरी वाजवितो. शेजारीण तिथंच भाकरी थापती. तिच्या अंगात कधी आलं का? चौक मांडल्याला पायजे, माणसं बसल्याली पायजेत, आन येणाऱ्याच्या पोटात काहीतरी साठल्यालं पायजे."

नानांचं हे म्हणणं मला पुस्तकांतही भेटलं. गिल्बेर रूजे या फ्रेंच संशोधकाने १९८० साली संगीत आणि संचार, म्हणजे अंगात येणं, या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. विशिष्ट गतीच्या ढोलामुळे मेंदूवर थेट परिणाम होऊन माणूस भारावतो, असा एक सिद्धान्त त्याआधी मांडला गेला होता. रूजेने तो खोडून काढला. तसं असतं तर अर्धी आफ्रिका वर्षभर भारलेलीच दिसली असती, असं त्याचं म्हणणं. संगीत ताकद देतं, पण ती लागू होते ती त्या संगीताचा अर्थ जाणणाऱ्या, त्या खेळात उतरलेल्या माणसांमध्ये. एर्नेस्तो दे मार्तिनो १९५९ साली दक्षिण इटलीतल्या सालेन्तोत गेला, तेव्हा त्यालाही असंच दिसलं. कोळी चावल्याचं सांगणाऱ्या बाया तिथे व्हायोलिन आणि डफाच्या तालावर नाचून बऱ्या होत. त्यातल्या पुष्कळ गरीब, शेतावर राबणाऱ्या, मनातलं बोलायला जागा नसलेल्या. हे वाचताना मला आमच्या भांडाराच्या खोलीचं दार दिसत होतं.

चुलतीने ढोंग केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. नानांनी तिला भुलवलं असंही नाही. द्रौपदीला मनातलं सांगायला सगळ्या मांडवाने आग्रह केला होता. चुलतीने तो आग्रह ऐकला. संबळाचं सामर्थ्य मला इथे दिसतं. तो एका माणसाच्या हातात असतो, पण त्याचा परिणाम घडवायला साथीदार लागतो, हुंकार देणारा लागतो, "सांग बाई" म्हणणारी लागते.

या सामर्थ्याचा धंदा करणारेही आहेत. अंगात देवी असल्याचं भासवून लोकांना भीती घालणं आणि लुबाडणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं आहे, आणि तो कायदा मला हवा आहे. नानांनी चुलतीच्या तोंडून कुणाला धमकावू दिलं नाही, कुणाकडून काही मागू दिलं नाही. लय खाली आणून तिला तिच्या जागी बसवलं. चांगल्या गोंधळ्याची हीच पारख मी धरतो.

आता पुष्कळ घरी गोंधळ तासाभरात आटोपतात. चौक मांडायचा, आरती करायची, फोटो काढायचे आणि डीजे लावायचा. आख्यान गळालं की राहतो तो नुसता ताल. पुतण्याला जांभूळ आख्यान पूर्ण येतं, पण ते लावायला रात्रभर बसणारं घर वर्षातून फार कमी वेळा मिळतं, असं तो सांगतो.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरी गोंधळ असेल तर गोंधळ्यांना पुरी रात्र द्या आणि त्या रात्रीचा मोबदला घासाघीस न करता द्या. नायकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्या. कुणाच्या अंगात आलं तर मोबाईल खिशात राहू द्या आणि ती बाई काय मागते ते ऐका. आणि ज्या घरात आईला मुलाच्या हळदीपासून लांब ठेवतात, त्या घराने तिची ओटी देवी येण्याची वाट न बघता भरावी. आमच्या घरी पुढच्या लग्नात चुलतीच ओवाळणार आहे. घरातल्या बायकांनी ते ठरवून टाकलं आहे.