सदरच्या सरळ गल्ल्या

भूगोलात एम.ए. करत असताना मी जबलपूरला सदर या छावणी भागात मामांकडे राहत होतो. बर्जेसचा 1925चा एककेंद्री वलय सिद्धांत पाठ होता: मधोमध बाजार, भोवती गरिबांची दाटी, त्यापलीकडे सुखवस्तू घरं. सदर त्यात कुठंच बसेना.

मामा जीसीएफमधून, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीतून, निवृत्त झालेले. संध्याकाळी पेंटीनाक्याकडे फिरायला निघालो की ते गल्ल्यांचे नुसते नंबर सांगत. सरळ रेषेत आखलेल्या, नंबर दिलेल्या गल्ल्या. भिंतीला भिंत लागलेली घरं. आणि थोडं पुढं गेलं की चिंचेची झाडं, ऐसपैस आवार, मधे एकच बंगला. जुन्या शहरातल्या कमानिया गेटजवळच्या वाकड्यातिकड्या, आपसूक वाढलेल्या गल्ल्यांशी याचं काहीच नातं नाही. 1817च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडून जबलपूर इंग्रजांकडे गेलं, जुन्या वस्तीपासून अंतर राखून छावणी पडली आणि पलटणीची गरज भागवायला सदरचा हा बाजार वसवला गेला.

मी मामांना विचारलं, ‘‘शहराला लागून इतकी मोकळी जागा, मग बिल्डर कसे आले नाहीत?’’

‘‘अरे, बंगला मालकाचा, जमीन सरकारची,’’ ते म्हणाले.

त्या एका वाक्यानं माझा अभ्यास मार्गी लागला. छावण्यांमधल्या कित्येक जुन्या बंगल्यांना 1836च्या लष्करी आदेशातल्या अटी लागू आहेत: बांधकामाची भरपाई देऊन सरकार जागा परत घेऊ शकतं. बर्जेसच्या वलयांमागे जमिनीसाठी चाललेली चढाओढ गृहीत आहे. इथं ती चढाओढ सुरूच झाली नाही, म्हणून शहराच्या ऐन कुशीत दाटी थांबते.

हॅरिस आणि उलमन यांचा 1945चा बहुकेंद्रक सिद्धांत जबलपूरला अधिक लागू पडतो. जुनं शहर हे एक केंद्र, सदर दुसरं. 1904मध्ये सुरू झालेली जीसीएफ आणि पुढं खमरियाची आयुधनिर्माणी, प्रत्येकीभोवती आपापली कामगार वसाहत. पण ही केंद्रं व्यापाराच्या ओढीनं उगवलेली नाहीत, सैन्याच्या गरजेनं जागा ठरवून बसवलेली आहेत. भारतातल्या छावणीच्या शहरांबद्दल लिहिताना हे आधी सांगायला हवं, असं माझं ठाम मत झालं. प्रबंधिकेसाठी मी नकाशा काढला तेव्हा वलयं आखलीच नाहीत. जमीन कोणाच्या मालकीची आहे, त्यानुसार रंग भरले.